तरुण सुपरनोव्हा अवशेषांचा क्ष-किरण वर्णपट: कोणते प्रारूप घ्यावे?

जळगाव, धुळे किंवा अमळनेरला राहून नासाच्या चंद्रा या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीच्या खुल्या संग्रहावर पदव्युत्तर प्रकल्प करता येतो. अडते ते प्रारूप, म्हणजे वर्णपटाशी जुळवून पाहायचे गणिती वर्णन, निवडताना. १५७२ साली दिसलेल्या टायकोच्या सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचा, अवशेष समोर ठेवून पाहू.

आयनीभवनाचा (अणूंतून इलेक्ट्रॉन सुटण्याचा) समतोल गृहीत धरणारे प्रारूप आरंभीच बाजूला ठेवावे. आघात तरंग वायूला झटक्यात तापवतो, परंतु अणूंचे इलेक्ट्रॉन टकरींमुळे एकेक करून सुटतात, आणि घनसेंटिमीटरमागे एकच मुक्त इलेक्ट्रॉन असेल तर समतोल यायला सुमारे ३०,००० वर्षे लागतात. टायकोची जेमतेम साडेचारशे झाली आहेत. म्हणूनच त्याच्या वर्णपटातील लोहाची रेषा समतोलातल्या ६.७ ऐवजी ६.४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपास दिसते.

खरी निवड समतोल न मानणाऱ्या ‘नेई’ आणि ‘पीशॉक’ या दोन प्रारूपांत आहे. रावेर-यावलची केळी पिकवण्याच्या खोलीत एकाच दिवशी भरली, तर सगळे घड सारखेच पिकतात; ‘नेई’ वायूकडे असे पाहते, त्याला आयनीभवनाचे एकच वय देते. रोज थोडी केळी भरत गेल्यास हिरव्यापासून पिवळ्यापर्यंत सर्व अवस्था एकत्र आढळतात. ‘पीशॉक’ हे असे आहे, आणि तरंग सतत नवा वायू गिळत असल्याने मला तेच अधिक खरे वाटते. लहान भागातून फोटॉन कमी मिळाले असतील, तर मात्र ‘नेई’ पुरते.

दोहोंपैकी काहीही घेतले, तरी कडेच्या भागासाठी सिंक्रोट्रॉन उत्सर्जनाचा (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांच्या किरणांचा) घात-नियमाचा (पॉवर लॉ) घटक जोडावाच. एसएन १००६ या दुसऱ्या सुपरनोव्हा अवशेषाच्या कवचातून असे उत्सर्जन येते, हे १९९५ मध्ये आस्का उपग्रहाच्या निरीक्षणांतून मांडले गेले. टायकोच्या बारीक कडाही त्यानेच उजळतात. हा घटक वगळल्यास तापमान खोटेच चढते. दुसरा धोका मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा: स्फोटातून फेकलेल्या द्रव्यात हायड्रोजन जवळपास नसतो, त्यामुळे हायड्रोजनच्या तुलनेतील सिलिकॉनच्या आकड्यावर विसंबू नये, सिलिकॉन आणि लोह यांचे गुणोत्तर पाहावे.

स्फोट कोणत्या प्रकारे झाला, हाच प्रश्न असेल तर ही प्रारूपे अपुरी पडतात. तेथे स्फोटाच्या गणितापासून निघून वायूगतिकी आणि आयनीभवन एकत्र सोडवावे लागते. टायकोसाठी असे काम २००६ मध्ये झाले आणि विलंबित विस्फोटाचे (ताऱ्यातील ज्वलन आधी सावकाश पसरते आणि मग त्याचा विस्फोट होतो, असे) प्रारूप सर्वांत जुळले. सहा महिन्यांच्या प्रकल्पात ते गणित नव्याने उभारण्याच्या भरीस पडू नये. त्याऐवजी अवशेषाच्या चार-पाच भागांना ‘पीशॉक’ लावून लोहाच्या रेषेची जागा कशी सरकते, ते मोजावे.