120 माणसं, चार मांडण्या: हॉल नेमका केवढा घ्यावा?

हॉल बघायला गेलात की पहिलं उत्तर मिळतं, "दोनशे माणसं आरामात बसतात." कशी बसतात, हे मात्र कुणी सांगत नाही. जागा माणसांच्या संख्येइतकीच मांडणीवरही ठरते. म्हणून 120 पाहुणे धरून हिशेब मांडतो.

भाषण किंवा सादरीकरण असेल तर नुसत्या खुर्च्यांच्या रांगा सगळ्यात कमी जागा घेतात. खुर्ची 20 इंच रुंद आणि रांगेपासून रांग 3 फूट धरली तर माणशी 5 चौरस फूट होतात. ये-जा करायच्या वाटा धरल्या की 8 पर्यंत जातं. म्हणजे 960 चौरस फूट.

त्याच माणसांना लिहायला टेबल दिलं की आकडा दुपटीच्या पुढे जातो. 6 फुटी टेबलाला दोघं आणि रांगांत 5 फूट अंतर, म्हणजे माणशी 15. वाटांसकट एकूण सुमारे 2100. तिसरा माणूस त्या टेबलाला बसतो खरा, पण दिवसभराच्या कार्यशाळेत त्याची वही शेजाऱ्याच्या कोपराखाली जाते. मी तिघं बसवत नाही.

गोल टेबलांचा हिशेब बारकाईने करा, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 5 फूट व्यासाच्या टेबलाभोवती आठ जण नीट बसतात. दोन टेबलांच्या कडांमध्ये 5 फूट ठेवावे लागतात. त्यातले साडेतीन फूट पाठीला पाठ लावलेल्या खुर्च्याच खातात आणि उरलेल्या दीड फुटातून वाढणारा हातात ट्रे घेऊन जातो. थोडक्यात, एका टेबलाला 10 बाय 10 चा चौकोन, आणि 15 टेबलांना 1500 चौरस फूट. टेबलं जवळ सरकवून ते 1200 त बसवता येतात, पण मग कुणी उठलं की मागच्याला खुर्ची ओढून घ्यावी लागते.

उभ्याने भेटीगाठी असतील तर माणशी 10, म्हणजे 1200 पुरतात. ज्येष्ठ पाहुण्यांसाठी थोड्या खुर्च्या मात्र हव्याच.

या आकड्यांत व्यासपीठ धरलेलं नाही. 12 बाय 16 चं व्यासपीठ 192 चौरस फूट घेतं. त्यापुढे पहिल्या रांगेपर्यंत 6 फूट सोडले आणि हॉल 40 फूट रुंद असला, तर आणखी 240. खांब, दारांसमोरची मोकळी जागा आणि नोंदणीचं टेबल वेगळं.

1500 आणि 2000 च्या हॉलमध्ये मन अडकलं असेल आणि गोल टेबलं ठरली असतील, तर मी 2000 चाच घेईन. जास्तीची जागा पडदा लावून झाकता येते, कमी पडलेली वाढवता येत नाही. फक्त रांगाच मांडायच्या असतील तर 1500 भरपूर झाले. 2000 मध्ये त्याच 120 खुर्च्या विरळ दिसतात आणि वक्त्यालाही रिकामेपणा जाणवतो.

ठरवण्याआधी मोजपट्टी घेऊन जा, खांबांच्या आतली लांबी-रुंदी स्वतः मोजा, आणि अग्निसुरक्षेच्या परवान्यावर किती माणसांची मर्यादा आहे ते विचारा. तुमचा हिशेब काहीही सांगो, त्या मर्यादेच्या वर एकही पाहुणा बोलावू नका.