ऑरोलॅबची एएडीआय: सगळं पटलं, तो दोरा सोडून

मदुराईच्या ऑरोलॅबची एएडीआय, म्हणजे काचबिंदूत डोळ्यातलं पाणी नळीवाटे बाहेर काढून दाब उतरवणारी प्लेट, 2013 पासून मिळतेय, त्यामुळे 350 चौरस मिमी, सिलिकॉन, वाल्व्ह नाही, हे पुन्हा उगाळत नाही. अहमद वाल्व्हपेक्षा (याच कामाची, पण वाल्व्ह असलेली प्लेट) बरीच स्वस्त, हेही सगळ्यांना ठाऊक. वापरून काही महिने झाले. तक्रार एकच: नळीवर बांधायचा, आपोआप विरघळणारा 6-0 व्हिक्रिलचा दोरा.

वाल्व्ह नाही म्हणून नळी बांधूनच बसवायची, नाहीतर पहिल्याच रात्री डोळा मऊ पडतो. गाठ मारली की नळीच्या मोकळ्या तोंडातून कॅन्युलाने सलाइन सोडून बघा; प्लेटकडे थेंबही जाता कामा नये. घाईत ही तपासणी गाळली की पुढचा आठवडा मऊ डोळा सांभाळण्यातच जातो. गाठीच्या अलीकडे, डोळ्याच्या बाजूला, तोवर थोडं पाणी झिरपावं म्हणून सुईने नळीला दोन-तीन छेद देतात, पण त्यांचा भरवसा नाही. दोरा विरघळायला पाच-सहा आठवडे. तोवर दाबाचे थेंब चालूच, लागली तर डायमॉक्स, म्हणजे दाब उतरवणारी गोळीही. "ऑपरेशन झालं ना, मग थेंब कशाला?" हा पेशंटचा प्रश्न रास्तच आहे.

खरी गंमत दोरा सुटतो त्या दिवशी. काल 28 मिमी (पारा) असलेला डोळ्याचा दाब आज 6. त्यात दाबाचे थेंब चालू राहिले तर आणखी घसरण: धूसर दिसणं, ठणका, पुढचा कप्पा उथळ, आतलं रक्तवाहिन्यांचं पटल सुटून वर येणं. म्हणून पाचव्या ते सातव्या आठवड्यात दर आठवड्याला तपासणी हवीच. नळी उघडली की दाबाचे थेंब आधी बंद. स्टिरॉइडचे मात्र बंद नाहीत, उलट वाढवावे लागतात. डिस्चार्ज कार्डावर हे ठळक लिहा, गावाकडचा माणूस एसटी पकडून निघून जातो.

आता मत थोडं बदललंय. त्या सहा आठवड्यांत प्लेटभोवती आवरण तयार होतं, आणि पाणी आलं की ते अडवायला भिंत असते. अहमदमध्ये पाणी पहिल्या दिवसापासून प्लेटवर, मग एक ते तीन महिन्यांत दाब पुन्हा चढतो, हा अनुभव जुनाच. इथे उशिरा का होईना, दाब खाली बसतो आणि थेंबांच्या बाटल्या कमी होतात. म्हणजे दोरा अगदीच शत्रू नाही. त्रासदायक मात्र आहेच.

प्लेटचे पंख वरच्या आणि बाहेरच्या स्नायूखाली सरकवायला वेळ लागतो, हाताला सवय झाली की जमतं. नळीवरच्या ठिगळात मात्र काटकसर नको. दात्याच्या डोळ्याचा पांढरा पडदा नीट झाकून शिवा, नाहीतर वरची त्वचा झिजून नळी उघडी पडते आणि जंतूंना थेट आत वाट मिळते.

आणि ज्या डोळ्याची दृष्टीची नस आधीच जवळजवळ संपलीय, त्याला सहा आठवडे चढा दाब सोसणार नाही. तिथे किंमत न बघता अहमदच.