‘कस्टम ड्रायव्हर’च्या नावाखाली परत परत पैसे: सांगलीतल्या एका लॅपटॉप खरेदीचा अनुभव

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ न चालणारे जुने लॅपटॉप आता उबुंटू (लिनक्सवर चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून विकले जातात, त्यात वावगं काही नाही. फसवणूक वायफायच्या नावाखाली होते.

विश्रामबागेतल्या एका दुकानातून कॉलेजच्या एका मुलानं असा लॅपटॉप घेतला. वायफाय चिप ब्रॉडकॉमची, बीसीएम४३१४२. बिलात वेगळी ओळ: ‘कस्टम ड्रायव्हर, रु. १,५००’. ड्रायव्हर म्हणजे ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर. तीन आठवड्यांनी अपडेट झालं आणि वायफाय गायब. “हे कार्ड लिनक्सला चालतच नाही, ड्रायव्हर परत बनवावा लागेल,” म्हणत दुकानदारानं आणखी ८०० घेतले. पुढच्या अपडेटनंतर पुन्हा तेच.

हा ड्रायव्हर दुकानात बनलेलाच नाही. तो ब्रॉडकॉमचाच आहे, ‘डब्ल्यूएल’ नावाचा, आणि उबुंटूत फुकट मिळतो. दुकानदारानं तो फक्त त्या दिवशीच्या कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, फोल्डरमध्ये बसवला होता. प्रत्येक कर्नलचं फोल्डर वेगळं असतं. अपडेटनं नवा कर्नल आला की त्याच्या फोल्डरमध्ये ती फाइल नसते, म्हणून वायफाय बंद. हे टाळायलाच डीकेएमएस ही सोय आहे: नवा कर्नल आला की ते ड्रायव्हर आपोआप नव्यानं बांधतं. पहिल्या वेळी माहीत नव्हतं म्हणता येईल, पण दुसऱ्यांदा पैसे घेतल्यावर ती सबब चालत नाही.

खातरजमा घरी होते. लॅपटॉप चालू करताना एस्केप दाबून ग्रबच्या (सुरुवातीला कर्नल निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुना कर्नल निवडा. त्यावर वायफाय लागलं तर कार्ड ठणठणीत आहे. मग टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) ‘डीकेएमएस स्टेटस’ (dkms status) ही कमांड द्या. उत्तर कोरं आलं, किंवा कमांडच सापडत नाही असं आलं, तर ड्रायव्हर नुसता कॉपी करून ठेवलाय.

दुरुस्तीला साधारण पंधरा मिनिटं लागतात. नव्या कर्नलवर परत या, मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) चालू करा, ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’मध्ये ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा, ब्रॉडकॉमची ओळ निवडून लागू करा. सिक्युअर बूट (ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) चालू असेल तर एक पासवर्ड ठरवायला सांगतात, तो लिहून ठेवा. रीस्टार्टला निळी स्क्रीन येते आणि दहाच सेकंद थांबते. तेवढ्यात कोणतीही की दाबून ‘एनरोल एमओके’ (ड्रायव्हरच्या सहीची नोंद), ‘कंटिन्यू’, ‘येस’ करा आणि तोच पासवर्ड द्या. बरेच जण इथेच चुकतात: स्क्रीन निघून जाते, सहीची नोंद न झालेला ड्रायव्हर कर्नल नाकारतो आणि माणूस परत दुकानात जातो.

रियलटेक आरटीएल८८२१सीई चिपसाठीही पैसे मागतात. तिचा ड्रायव्हर कर्नलच्या ५.९ आवृत्तीपासून कर्नलच्या आतच आहे. बोटाच्या ठशाच्या सेन्सरचं मात्र वेगळं: बऱ्याच सेन्सरना लिनक्सचा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे “नंतर टाकून देतो” यावर पैसे देऊ नका.

लॅपटॉप घेताना दुकानातच अपडेट करून, रीस्टार्ट करून वायफाय तपासा. पैसे गेले असतील तर सगळी बिलं जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे.