जुन्या फोर-बाय-फोरला स्टीलची रिम की अलॉय?

दिसायला अलॉय (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची रिम) भारीच, वाद नाही. पण आधी माप जुळवा. पीसीडी म्हणजे बोल्टांची संख्या आणि ते ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास. जुन्या सुझुकी जिम्नीचा तो 5×139.7 मिमी, जुन्या लँड रोव्हर डिफेंडरचा 5×165.1. इथे चुकलात तर रंग, डिझाइन सगळी चर्चा फुकट. मधलं भोकही बघा: जिम्नीला 108 मिमी लागतं, त्याहून लहान असेल तर रिम हबवर, म्हणजे चाक जिथे बसवतात त्या मधल्या भागावर, बसतच नाही.

स्टील जड असते आणि गंजते. टायर टेकतो त्या कडेला गंज धरला की हवा हळूहळू उतरत राहते. तरी दगडावर आपटल्यावर ती बहुधा वाकते. हातोडीनं कड ठोकून गाडी मुक्कामापर्यंत नेता येते. अलॉय अशा मारानं तडकू शकते आणि रानात तड्यावर इलाज नाही.

अलॉयचा फायदा सहसा वजनात. चाक हलकं, म्हणजे सस्पेन्शनवरचा ताण कमी. मात्र तिचा मधला भाग जाड असतो, त्यामुळे जुने स्टड (ज्यांवर चाकाचे नट आवळतात ते बोल्ट) कधी आखूड पडतात. स्टीलचे नटही तिला चालतीलच असं नाही. नट रिमला टेकतो ती बैठक निमुळती की सपाट ते पाहूनच घ्या.

ऑफसेटचा, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारा भाग किती आत-बाहेर आहे त्याचा, नियम दोघींना सारखाच. रुबाबासाठी चाक फार बाहेर काढलंत तर बेअरिंगवर भार वाढतो.

दगडधोंड्यांची वाट असेल तर मी डोळे झाकून स्टील घेईन. गाडी बहुतेक डांबरावरच फिरत असेल, तर अलॉय खुशाल घ्या. फक्त एक रिम चढवून, चाक हातानं पूर्ण फिरवून ती ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्क दाबणाऱ्या भागाला) घासत नाही ना, ते आधी बघा.