डोंगरातल्या स्लेजवरचं क्लच किट: एका मोसमाच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. माझ्या ८५० सीसी टू-स्ट्रोक माउंटन स्लेजवर (म्हणजे डोंगरातल्या बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलवर) नोव्हेंबरात बसवलेलं किट एप्रिल संपेपर्यंत धड चाललं आणि आता ते मी काढणार नाही. मात्र जाहिरातीत ज्याचा सगळ्यात जास्त गाजावाजा असतो, त्या प्रायमरीच्या (समोरच्या, इंजिनकडच्या पुलीच्या) वजनांपेक्षा सेकंडरीतल्या (मागच्या पुलीतल्या) हेलिक्समुळे, म्हणजे तिरक्या कडांच्या भागामुळे, आणि स्प्रिंगमुळे जास्त फरक पडला. दुसरं म्हणजे, तुमच्या प्रायमरीतले रोलर आणि बुश (घर्षण कमी करणारे छोटे भाग) झिजलेले असतील तर किटला हात लावण्याआधी ते बदला.

ज्यांनी कायनेटिक होंडा किंवा अ‍ॅक्टिव्हाचं इंजिन उघडलेलं पाहिलंय, त्यांना स्लेजचा क्लच अनोळखी वाटणार नाही. समोर एक पुली, मागे एक पुली, मध्ये रबरी बेल्ट. समोरची मिटत जाते तशी मागची उघडते आणि गिअर न बदलता गुणोत्तर बदलत राहतं. पण स्कूटरला मागच्या चाकापाशी वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच असतो, स्लेजला तो नसतो. इंजिन फिरताना प्रायमरीतली वजनं बाहेर फेकली जाऊन तिला मिटवतात, ठरावीक आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) ती पुलीच बेल्ट पकडते आणि गाडी हलते. शिवाय इथे त्या एका बेल्टवरून दीडशेच्या वर हॉर्सपॉवर ट्रॅककडे (बर्फावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याकडे) जातात, त्यामुळे वजनांतला दोन-चार ग्रॅमचा फरकसुद्धा थ्रॉटल दाबणाऱ्या अंगठ्याला लगेच जाणवतो.

आम्ही राहतो कॅनडातल्या कॅलगरीत आणि चालवायला बहुतेक वेळा रेव्हलस्टोक या डोंगरी गावाला जातो. रॉजर्स पासचा घाट ओलांडून साधारण ४०० किलोमीटर. गाव पाचशे मीटरच्याही खाली आहे, पण बोल्डर माउंटन किंवा फ्रिस्बी रिजवर चढलात की दोन हजार मीटरच्या पुढे जाता. दर तीनशे मीटरला इंजिनची ताकद साधारण तीन टक्के कमी होते. म्हणजे वर पोचेपर्यंत समुद्रसपाटीच्या मानाने पाचवा हिस्सा गेलेला असतो. वजनं खालच्या हवेला जुळणारी असतील तर वर ती इंजिनला जड होतात, आरपीएम पडतो आणि ऐन चढावर इंजिन नांगी टाकतं. माझं इंजिन सगळ्यात जास्त ताकद ८,२०० च्या आसपास देतं. खोल पावडरमध्ये (भुसभुशीत ताज्या बर्फात) पूर्ण थ्रॉटल दाबूनही काटा ७,८०० वर अडकायचा. तिथूनच हा खटाटोप सुरू झाला.

किट मागवण्याआधी प्रायमरी स्वच्छ केली, नवा बेल्ट घातला आणि रोलर-बुश दुकानातून बदलून घेतले. स्पायडर (प्रायमरीतला रोलर धरणारा भाग) उघडायला खास हत्यार लागतं आणि जोरही फार लागतो, ते काम घरी करण्यासारखं नाही. नवा बेल्ट कोमट पाण्यात साबणाने धुऊन वाळवला आणि पहिले पन्नास किलोमीटर जपून चालवला. एवढ्यानेच त्याच चढावर काटा ७,९५० पर्यंत गेला. ही पायरी वगळून थेट किट लावलं असतं तर तेवढं श्रेयही मी किटलाच देऊन बसले असते.

किटमध्ये काय मिळतं? स्क्रू घालून जड-हलकी करता येणारी तीन वजनं, प्रायमरीची स्प्रिंग, सेकंडरीची स्प्रिंग, नवं हेलिक्स आणि एक पानभर सूचना. किंमत साडेचारशे कॅनडियन डॉलर, कर वेगळा. क्लच पुलर (क्लच शाफ्टवरून ओढून काढायचं हत्यार) वेगळा घ्यावा लागला. तो आपल्याच क्लचचा हवा. जवळपासच्या मापाचा लावून क्रँकशाफ्टचे आटे मारून घेऊ नका.

बसवताना जपायच्या जागा दोनच. पहिली, प्रायमरीचं झाकण. आत स्प्रिंग दाबलेली असते, म्हणून सगळे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे सैल करायचे, झाकण तळहाताने दाबून धरायचं आणि तोंड बाजूला ठेवायचं. झाकणावर आणि पुलीवर खुणा असतात. परत बसवताना त्या समोरासमोर आल्याच पाहिजेत, नाहीतर जुळवलेला तोल बिघडतो आणि आठ हजार आरपीएमला तो बिघाड बेअरिंगांना सोसावा लागतो. दुसरी जागा म्हणजे क्रँकशाफ्टचा निमुळता भाग. तो आणि क्लचची आतली बाजू ब्रेक क्लीनरने पुसून अगदी कोरडी करायची. तेल नाही, ग्रीस नाही. बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने आवळायचा आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासायचा. सेकंडरीचं काम त्या मानाने सोपं.

चाचणीला सोबत चांगली होती. नवऱ्याकडे त्याच वर्षाची तीच स्लेज आहे, तोच १५५ इंची ट्रॅक, आणि तिचा क्लच कंपनीतून आला तसाच. दोन्ही गाड्या एकाच चढावर, लागोपाठ, शेजारच्या ताज्या बर्फातून नेल्या आणि नंतर चालवणारे बदलून पुन्हा नेल्या, कारण आमच्या वजनात बराच फरक आहे. चढ झाडांमधला, सौम्य उताराचा निवडला. अ‍ॅव्हलांच कॅनडाचं त्या दिवसाचं हिमस्खलनाचं पत्रक वाचल्याशिवाय आणि ट्रान्सीव्हर (बर्फात गाडला गेलेला माणूस शोधायचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब सळी), फावडं अंगावर असल्याशिवाय आम्ही गाडी ट्रेलरवरून उतरवत नाही. क्लचच्या चाचणीसाठी उघड्या, उभ्या उताराची काहीच गरज नसते.

सूचनांच्या पानावरच्या तक्त्यातलं वजन लावलं तर काटा ८,४५० वर गेला. ऐकायला छान वाटतं, पण ताकदीचा माथा ओलांडून इंजिन नुसतं ओरडत होतं आणि नवऱ्याची स्लेज शेजारून तितक्याच वेगाने येत होती. तक्त्यात उंची फुटांत आहे आणि पायऱ्या फार मोठ्या आहेत. प्रत्येक वजनात थोडे ग्रॅम वाढवत नेले, एका वेळी एकच बदल. शेवटी काटा ८,२०० वर स्थिरावला. तेव्हा कुठे फरक दिसला. त्याच चढावर माझी स्लेज दीड-दोन गाड्यांच्या लांबीने पुढे राहिली आणि चालवणारे बदलले तरी पुढेच राहिली.

पण किट ठेवण्याचं कारण ती शर्यत नाही. झाडांमधून जाताना आपण सतत थ्रॉटल सोडतो आणि पुन्हा दाबतो. पूर्वी सोडून दाबलं की गाडी क्षणभर विचारात पडल्यासारखी व्हायची: पुल्या अजून वरच्या गुणोत्तरात, काटा खाली, ट्रॅक रुतायला लागलेला. साइडहिल करताना (उताराला आडवं जाताना) तेवढ्या क्षणात तोल जातो. नव्या हेलिक्सचा कोन कमी उभा आहे आणि सेकंडरीची स्प्रिंग ताठ आहे, त्यामुळे पुल्या झटकन खालच्या गुणोत्तरात परततात आणि दाबल्या दाबल्या ट्रॅक बर्फ फेकायला लागतो. माझ्यासारख्या हलक्या वजनाच्या चालवणाऱ्याला गाडी अंगाच्या जोराने वळवता येत नाही, थ्रॉटलनेच वळवावी लागते. म्हणून हे मला फार मोलाचं वाटतं. बर्फात रुतून फावडं काढायची वेळही कमी आली.

बेल्टही थंड राहतो. चढ संपल्या संपल्या इन्फ्रारेड थर्मामीटरने पुलीवर नेम धरला की पूर्वी ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास दिसायचं, आता ७५. बेल्ट कमी घसरतो, हाच त्याचा अर्थ. मोसमाअखेर बेल्टच्या कडा एकसारख्या झिजलेल्या होत्या, कुठे काचेसारखी चकाकी चढली नव्हती, दोरे सुटले नव्हते.

न आवडलेल्या गोष्टीही आहेत. प्रायमरीची स्प्रिंग ताठ असल्यामुळे बेल्ट आता ३,९०० च्या आसपास पकडतो, पूर्वी ३,४०० ला पकडायचा. ट्रेलरच्या रॅम्पवर गाडी हळू चढवताना तो झटका नकोसा होतो, आणि शिकाऊ माणसाच्या हातात ही स्लेज मी आता देत नाही. सपाट ट्रेलवर इंजिन थोडं चढ्या आरपीएमला फिरतं, पेट्रोल जास्त जातं, आवाजही कानाला लागतो. मिनेसोटा किंवा ओंटारियोच्या सपाट ट्रेलवर चालवणाऱ्यांनी या डोंगरी किटवर पैसे घालू नयेत.

आणि एकदा लावलं की विसरलं, असं हे नाही. जानेवारीच्या उणे वीसमध्ये हवा दाट असते, इंजिन जोरात असतं. मार्चअखेरीस बर्फ ओला आणि जड होतो, हवा उबदार होते, तेव्हा त्याच वजनांवर काटा शे-दीडशेने खाली येतो. मी प्रत्येक वजनातून अर्धा ग्रॅम काढला आणि काटा जागेवर आला. पार्किंगमध्ये हे पंधरा-वीस मिनिटांत होतं, फक्त छोटे स्क्रू बर्फात पडू नयेत म्हणून खाली कापड पसरा.

नवऱ्याच्या स्लेजसाठी पुढच्या मोसमाआधी नवं हेलिक्स आणि सेकंडरीची स्प्रिंग एवढंच मागवणार आहोत. प्रायमरीची वजनं आणि स्प्रिंग कंपनीचीच ठेवून, रॅम्पवरचा झटका न घेता चढावरचा किती फायदा हाती लागतो, ते त्याच चढावर दोन्ही गाड्या शेजारी लावून पाहू.