हवामान निधीसाठी मान्यता: स्वतः घ्यायची की नाबार्डच्या छत्राखाली जायचं?

यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात भूजलावर किंवा धडगावच्या डोंगरात पाणलोटावर काम करणाऱ्या संस्थेपुढे आंतरराष्ट्रीय हवामान निधीतून पैसा मिळवण्याच्या दोन वाटा असतात.

पहिली, हरित हवामान निधीची (Green Climate Fund, विकसनशील देशांतल्या हवामान प्रकल्पांना पैसा देणारा आंतरराष्ट्रीय निधी) थेट मान्यता, म्हणजे त्याचा पैसा स्वतः घेण्याची परवानगी. पर्यावरण मंत्रालयाचं नामांकन-पत्र नसेल तर अर्जच पुढे सरकत नाही. मग कागदपत्रांची छाननी, क्षमतेची तपासणी, निधीच्या संचालक मंडळाचा निर्णय आणि शेवटी कायदेशीर करार. लेखापरीक्षित ताळेबंद, अंतर्गत लेखापरीक्षण, खरेदीचे नियम, गैरव्यवहाराच्या चौकशीची पद्धत, पर्यावरण-सामाजिक सुरक्षा आणि लिंगभाव धोरण, सगळं लागतं. अडतं ते बहुधा इथेच: धोरण गेल्या महिन्यात टाईप केलेलं, पण ते वापरल्याचा पुरावा शून्य. तीन निविदांची तुलना, तक्रार नोंदवही, लेखापरीक्षकाच्या आक्षेपावर केलेली कारवाई हे तपासणाऱ्याला दिसावं लागतं. अनुकूलन निधीत (Adaptation Fund, हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या कामांसाठीचा दुसरा आंतरराष्ट्रीय निधी) तर एका देशाला राष्ट्रीय संस्थांच्या जास्तीत जास्त 2 जागा.

दुसरी वाट नाबार्डची. तिला अनुकूलन निधीची मान्यता 2012 पासून, हरित निधीची 2015 पासून आहे. नाबार्ड निधीकडून पैसा आणते आणि तुम्ही प्रकल्प राबवणारी अंमलबजावणी संस्था बनता. आधी संकल्पना टिपण, मग सविस्तर प्रस्ताव. मान्यतेचा खटाटोप वाचतो, पण नाबार्ड तुमचे हिशेब तपासतेच आणि प्रकल्पाचा अंतिम शब्द तुमचा राहत नाही. टिपणात ‘पाऊस कमी झाला’ एवढं चालत नाही. तालुक्याची पर्जन्य आकडेवारी आणि विहिरींच्या पातळ्या जोडा, नाहीतर तुमचा प्रकल्प हवामानाचा न ठरता साधी विकासयोजना ठरतो.

तालुकापातळीवरच्या संस्थेने पहिल्या वाटेला जाऊच नये.