कमरेचा पट्टा: आधी दुखण्याची जागा शोधा, मग पट्टा घ्या

कमरेचा पट्टा मागितला की बहुतेक वेळा एकच वस्तू हातात पडते: वीतभर रुंद, मागे खिशांत चार कांब्या घातलेला, पुढे वेल्क्रोने बंद होणारा एलएस (लंबोसॅक्रल, म्हणजे कमरेच्या मणक्यांचा) बेल्ट. दुखणं कमरेच्या मणक्यांपाशी असेल तर वस्तू बरोबर आहे. पण दुखणं त्याच्याही खाली, माकडहाडाच्या वर एका बाजूला असेल, तर हा पट्टा कितीही आवळला तरी त्याचा दाब पोटावर आणि कमरेवर पडतो. खालच्या सांध्याला, म्हणजे माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि बाजूचं कमरेचं हाड यांच्या जोडाला, त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्या सांध्यासाठी वेगळा, चार बोटं रुंदीचा पट्टा असतो. त्याला सॅक्रोइलियाक किंवा एसआय बेल्ट म्हणतात. पट्टा वाया जाण्याचं सगळ्यात मोठं कारण ही अदलाबदल आहे, वस्तूचा दर्जा नव्हे.

जागा ओळखायची सोपी रीत आहे. उभं राहून पाठीमागे हात न्या. कमरेखाली दोन्ही बाजूंना दोन खळगे लागतात. आता सगळ्यात जास्त दुखतं ती जागा एकाच बोटाने दाखवा. बोट दर वेळी त्या खळग्यावर किंवा त्याच्या किंचित खाली-आत जात असेल, तर एसआय सांध्याचा संशय धरायला जागा आहे. बोटाऐवजी आख्खा तळहात कमरेवर आडवा ठेवावासा वाटत असेल, तर दुखणं बहुधा वरचं, म्हणजे कमरेच्या मणक्यांचं आणि स्नायूंचं असतं. एसआयच्या दुखण्याला आणखी काही खुणा आहेत: अंथरुणात कूस बदलताना कळ येणं, एका पायावर उभं राहून पॅंट घालता न येणं, गाडीतून उतरताना पाय बाहेर टाकला की चमक निघणं. कळ कुल्ल्यात, मांडीच्या मागे, कधी जांघेतही जाते. पण ती गुडघ्याखाली उतरत असेल आणि सोबत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर नस दबल्याची शक्यता आधी तपासून घ्यावी. बोटाची खूण म्हणजे निदान नाही. फिजिओथेरपिस्ट सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देऊन पाहतात आणि तीन किंवा जास्त चाचण्यांत तीच ओळखीची कळ उठली, तरच सांध्याकडे बोट दाखवतात.

पट्टा विकत घेण्याआधी त्याचा अंदाज हातांनीच घेता येतो, आणि ही पायरी कुणी चुकवू नये. पाठीवर सरळ झोपा. पाय एकमेकांपासून वीतभर अंतरावर ठेवा. गुडघा न वाकवता एक पाय सुमारे २० सेंटीमीटर उचला, खाली ठेवा, मग दुसरा उचला. कोणता पाय जड वाटतो ते लक्षात ठेवा. आता घरातल्या कुणाला तरी दोन्ही बाजूंनी, खुब्याच्या गाठीच्या जरा वर तळहात ठेवून आतल्या दिशेने स्थिर दाब द्यायला सांगा आणि तोच पाय पुन्हा उचला. पाय हलका झाला किंवा कळ कमी झाली, तर एसआय बेल्ट लागू पडण्याची चांगली शक्यता आहे. काहीच फरक पडला नाही, तर पट्ट्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

एसआय बेल्टची रुंदी साधारण ५ ते १० सेंटीमीटर असते. चांगल्या पट्ट्यात मुख्य पट्टी न ताणणारी असते आणि तिच्यावरून दोन बाजूंनी ओढायच्या लवचीक पट्ट्या येतात. नुसता इलॅस्टिकचा पट्टा चालताना सैल-घट्ट होत राहतो. तो घेऊ नये. हा सांधा मुळात फार थोडा हलतो, काही अंश आणि एक-दोन मिलिमीटर. त्यामुळे त्याला धरून ठेवायला ताकदही फारशी लागत नाही. १९९२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी मृतदेहांवर केलेल्या प्रयोगांत ५० न्यूटनचा, म्हणजे साधारण ५ किलो वजनाइतका ताण पुरेसा दिसला. जास्त आवळल्याने जास्त आराम मिळेल ही समजूत म्हणूनच सोडून द्यावी. जास्त आवळलं की मांडीच्या बाहेरच्या बाजूला आग होते किंवा बधिरपणा येतो, कारण तिथली त्वचेची नस कमरेच्या पुढच्या हाडाजवळूनच जाते. असं झालं तर पट्टा लगेच सैल करा.

ताणापेक्षा जागा महत्त्वाची. कमरेच्या पुढच्या बाजूला दोन टोकदार हाडं हाताला लागतात. पट्ट्याची वरची कड त्या टोकांच्या लगेच खाली यायला हवी आणि खालची कड खुब्याच्या बाहेरच्या गाठीच्या वर राहायला हवी. दुखणं पुढे, जघनास्थीच्या (ओटीपोटाखालच्या हाडाच्या) जोडावर असेल तर हाच पट्टा आणखी खाली, त्या जोडाच्या पातळीला बांधतात. बहुतेक जण तो पॅंटच्या पट्ट्याच्या जागी बांधतात, आणि ती जागा वर पडते. बांधल्यावर बोटांनी चाचपून पाहा: पुढची टोकं पट्ट्याच्या वर मोकळी लागली पाहिजेत. खुर्चीवर बसल्यावर खालची कड जांघेच्या घडीत रुतत असेल, तर पट्टा फार खाली गेला आहे किंवा तुमच्या बांध्याला तो रुंद पडतो.

बांधायचा तो झोपून. गुडघे वाकवा, कुल्ले उचला, पट्टा खालून सरकवा, मुख्य पट्टी पुढे बेताने बंद करा आणि मगच बाजूच्या दोन्ही पट्ट्या एकाच वेळी, सारख्या जोराने पुढे आणा. एक बाजू आधी ओढली की पट्टा तिरका बसतो आणि तासाभरात वर चढतो. तळहात सपाट करून पट्ट्याखाली सरकला पाहिजे, पण मूठ जाता कामा नये.

माप कपड्याच्या साइजवरून घेऊ नका. एसआय बेल्टसाठी टेप त्याच पातळीला फिरवा जिथे पट्टा बसणार आहे. एलएस बेल्टसाठी बेंबीच्या पातळीला, उभं राहून, श्वास सोडलेला असताना मोजा. माप दोन साइजच्या मधोमध आलं तर दोन्ही लावून पाहा. बंद केल्यावर वेल्क्रो एकमेकांवर किमान ८-१० सेंटीमीटर चढायला हवा. याहून कमी चढत असेल तर वाकल्यावर तो सुटतो.

आता एलएस बेल्ट. तो मणके धरून ठेवतो असा समज आहे. प्रत्यक्षात तो पोटावर दाब देतो, वाकण्या-वळण्याची शेवटची हद्द थोडी आखडतो आणि चुकीचं वाकायला लागलं की अंगाला आठवण करून देतो. तेवढाच. ब्रिटनच्या नाइस या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत साध्या कंबरदुखीसाठी पट्टे देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. अमेरिकेच्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेनेही १९९४ मध्ये निरोगी कामगारांना दुखापत टाळण्यासाठी पट्टे वापरण्याची शिफारस केली नाही. तरीही उसण भरली असताना पहिले काही दिवस स्वयंपाकघरात उभं राहायला किंवा लांबच्या प्रवासाला पट्ट्याने हालचाल सोपी होत असेल, तर तेवढ्यापुरता तो वापरण्यात काही गैर वाटत नाही. चूक होते ती महिनोन्महिने दिवसभर बांधून ठेवण्यात. एका वेळी तास-दोन तास, तेही कामाच्या वेळी, झोपताना काढलेला. दुखणं उतरलं की दोन-तीन आठवड्यांत वेळ कमी करत बंद करा आणि सोबत व्यायाम सुरू ठेवा.

एलएस बेल्ट घेताना मागच्या कांब्या हाताने वाकवून बघा. स्टीलची कांब कमरेच्या बाकाप्रमाणे आतल्या बाजूला हलकी वळवलेली हवी. सपाट कांब मधे पोकळी सोडते आणि फक्त टोकांवर टोचते. कांब्यांच्या खिशांची टोकं दुहेरी शिवणीची आहेत का ते पाहा; हा पट्टा फाटतो तो तिथेच, आणि मग कांबीचं टोक बाहेर येऊन पाठ ओरबाडतं. दुकानात बांधून दहा मिनिटं खुर्चीवर बसा. पट्टा बरगड्यांना खालून ढोसत असेल किंवा मांडीवर आदळत असेल, तर कमी उंचीचा पाहा. पोट सुटलेलं असेल तर पुढची खालची कड गुंडाळली जाते. अशांनी पुढे अरुंद, मागे रुंद असा आकार घ्यावा.

कापडात निओप्रीन (रबरासारखं जाड कापड) ऊब देतं, पण खाली घाम साचून पुरळ उठते. त्यापेक्षा जाळीदार कापडाचा पट्टा बरा. कुठलाही पट्टा पातळ सुती बनियनवर बांधावा. लेटेक्सची ॲलर्जी असेल तर लेबल वाचून घ्या. चुंबक शिवलेल्या पट्ट्यांना जास्त मोजू नका. त्यांनी दुखणं कमी होतं याला ठोस आधार नाही, आणि पेसमेकर असणाऱ्यांनी ते टाळावेत. जिममध्ये वजन उचलताना लावायचा चामडी पट्टाही इथे कामाचा नाही.

गरोदरपणात एलएस बेल्ट पोटावर आवळू नये. ओटीपोटाच्या खालून जाणारा पट्टा चालतो, पण डॉक्टरांना दाखवून. छातीत जळजळ, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणं), पोटाचं ताजं ऑपरेशन किंवा वाढलेला रक्तदाब असेल तरीही आधी विचारा. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणं, पाऊल लुळं पडणं, तापासोबत पाठदुखी किंवा पडल्यानंतरचं तीव्र दुखणं यांत पट्टा शोधत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मणका मोडल्यावर लावायचे टेलर ब्रेससारखे ताठ साचे आपल्या मनाने घ्यायची वस्तूच नव्हे.

धुताना कांब्या काढा, वेल्क्रो बंद करा (उघडा राहिला तर तो स्वतःचंच कापड ओढून काढतो), थंड पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा, न पिळता सावलीत पसरून वाळवा. वेल्क्रोत अडकलेले धागे जुन्या टूथब्रशने काढले की पकड परत येते. नवा पट्टा आणल्याच दिवशी तो न ताणता जमिनीवर पसरून लांबी मोजून आत पेनने लिहून ठेवा. काही महिन्यांनी तीच लांबी दोन-तीन सेंटीमीटरने वाढलेली दिसली, किंवा रोज वेल्क्रो आधीपेक्षा पुढे नेऊन चिकटवावा लागला, तर इलॅस्टिक गेलं आहे, पट्टा बदला.